डाव्या हाताचा रोजनामा

गेल्या महिन्यात मूर्तिजापूरहून एका बाईंचा फोन आला. माझा नंबर त्यांना आमच्या डॉक्टरांनी दिला होता, मला विचारूनच. त्यांच्या नवऱ्याचा डावा हात आपल्या मनाने वागायला लागला होता. घरच्यांचं दोन ठिकाणी अंगारा लावून झालं होतं, एकाने बाहेरची बाधा सांगून लिंबूही उतरवलं होतं. बाई रडत नव्हत्या, पण एकच प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला. "भाऊ, थो हात त्याइचाच हाय ना?"

मी पस्तीस वर्षं अकोल्याच्या कोर्टात फौजदारी वकिली केली. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर द्यायची सवय हाडात मुरलेली. पण त्या बाईंना मी सरळ "हो" म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की एवढ्याने भागणार नाही. म्हणून हे लिहितो आहे. डॉक्टरी माहिती यात मिळणार नाही, ती डॉक्टरांनाच विचारावी. आपलाच हात आपलं ऐकत नाही तेव्हा घरात काय होतं, एवढंच मला सांगता येईल.

मागे कोणी नव्हतं

त्या दिवशी माझा शेवटचा युक्तिवाद होता. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांत भांडण, एकाने दुसऱ्याच्या डोक्यात काठी घातलेली, सहा साक्षीदार. माझा अशील म्हणजे काठी घालणारा. कृत्य नाकारायला जागाच नव्हती, म्हणून मी नेहमीचा रस्ता धरला. कृत्य मान्य, हेतू अमान्य. भर उन्हाची वेळ, बापाने घातलेल्या शिव्या, सकाळपासून पोटात अन्न नाही. हातात काठी होती म्हणून काठी लागली, खुरपं असतं तर खुरपं लागलं असतं. माणूस ठरवून करतो असं आपल्याला वाटतं साहेब, परिस्थिती त्याच्याकडून करवून घेते. हे सगळं मला इतकं पाठ होतं की बोलता बोलता मी जेवणाच्या डब्याचा विचार करू शकत असे.

तेवढ्यात कोणीतरी मागून माझ्या गळ्यातला पांढरा बँड ओढला.

बाररूममध्ये चेष्टामस्करी चालते, पण कोर्टापुढे कोणी असं करणार नाही. मी बँड उजव्या हाताने नीट केला आणि बोलत राहिलो. तो पुन्हा ओढला गेला, या वेळी गाठीसकट. मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मागच्या बाकावरचे लोक माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरा माझ्या छातीवर होत्या. मी खाली पाहिलं तर बँड माझ्याच डाव्या हाताच्या मुठीत होता.

जजसाहेबांनी तब्येत विचारली. मी बरी आहे म्हणालो. तोवर डाव्या हाताने टेबलावरचे कागद गोळा करून पालथे घातले होते, एखाद्याने "झालं तुमचं, आता उठा" म्हणावं तसे. मी खाली बसलो. मला दुखत काही नव्हतं. डोकं थोडं जड होतं, तेवढंच.

अमरावती

माझी बायको मंगला मूळची शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातली. अकोल्यात शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिचा भाऊ अमरावतीत राहतो, त्याने मला संध्याकाळच्या आत तिथल्या दवाखान्यात नेऊन टाकलं. एमआरआयच्या मशीनच्या बोगद्यात मी अर्धा तास पडून होतो आणि तेवढा वेळ डावा हात माझ्या मांडीवर बोटांनी ताल धरत होता. कोणता ताल, ते मला कळत नव्हतं.

डॉक्टर चाळिशीच्या बाई. त्यांनी फिल्म उजेडापुढे धरली आणि सोप्या शब्दांत सांगितलं. मेंदूचे दोन भाग, मध्ये पूल, त्या पुलाजवळ रक्त पोचलं नाही. डाव्या हाताला हुकूम जातात ते एका भागातून, आणि "मी ठरवलं" असं जो बोलतो तो दुसऱ्या भागात बसतो. निरोप्या आजारी पडला आहे, बऱ्याच जणांचा काही महिन्यांत बरा होतो. मी विचारलं, हाताला हुकूम देणारा मग कोण?

"तेही तुम्हीच," बाई म्हणाल्या. "फक्त तुमची त्याची ओळख नाही."

उलटतपासणीत असं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न विचारू नये, हे मी ज्युनिअरना शिकवत आलो. मीही विचारला नाही. घाबरलो होतो, आणि तेवढं कबूल करायलाही मला पुढे बरेच दिवस लागले.

वॉर्डातले दिवस

बारा दिवस होतो तिथे. सकाळी सहाला सिस्टर, सातला चहा, नऊला डॉक्टर, अकराला व्यायाम शिकवणारी स्नेहल. मधल्या वेळात मी आणि तो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर चादरीखाली माझ्या बरगडीवर कोणाचा तरी हात होता. गार, जरा ओलसर. मी सिस्टरला हाक मारली की इथे कुणीतरी झोपलं आहे, त्याला उठवा. सिस्टरने चादर काढली. हात माझाच होता, मनगटात माझं नाव लिहिलेली पट्टी होती. ती पट्टी मी दोनदा वाचली आणि तरीही खात्री पटेना.

उजवा हात शर्टाचं बटण लावी, डावा मागोमाग ते काढी. उजवा पोळी उचली, डावा ती ताटात परत ठेवी. एकदा चेहऱ्यावरून कोणीतरी मायेने हात फिरवला आणि मला फार बरं वाटलं. कोणाचा ते कळल्यावर अंगावर काटा आला.

शेजारच्या खाटेवर भातकुलीचे बबनराव होते, पाय गेलेले, तोंड मात्र शाबूत. आठवडाभर ते हा तमाशा बघत होते. एकदा म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या जोडीतला एक बैल बिनवेसनीचा झाला. त्याले मारू नका. कामाले लावा." सिस्टरचंही तेच म्हणणं पडलं. रिकामा हात भांडण काढतो, त्याच्या मुठीत काहीतरी द्या. मंगलाच्या भावाने बागेतली संत्री आणली होती, त्यातलं एक तिने माझ्या डाव्या हातात ठेवलं. हात त्याला धरून तासभर शांत राहिला. ज्यांच्या घरी असा माणूस असेल त्यांनी हे करून पाहावं. संत्रंच पाहिजे असं नाही, घडी घातलेला रुमालही चालतो. पहिल्यांदा मी त्या दुपारी नीट जेवलो आणि बबनरावांनी माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

घाबरवणारी गोष्ट वेगळीच होती. अकोल्याहून माझा ज्युनिअर भेटायला आला. माझ्या केसेस आता त्याने चालवायच्या असं ठरलं होतं, मीच ठरवलं होतं. मी त्याला तोंड भरून आशीर्वाद दिला आणि उजव्या हाताने फाइल पुढे केली. डाव्याने संत्रं सोडलं आणि फाइलचं दुसरं टोक पकडलं. ज्युनिअर ओढतो आहे, मी "घेऊन जा बाबा" म्हणतो आहे आणि फाइल काही सुटत नाही. शेवटी स्नेहलने एकेक बोट सोडवलं. सगळे हसले, मीही हसलो. पण मला ती फाइल द्यायची नव्हती. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा धड नाही. मग त्या हाताला कोणी सांगितलं?

रकाना

वकील माणूस. त्याच संध्याकाळी मी मंगलाकडून एक दोनशे पानी वही मागवली आणि हाताचा रोजनामा सुरू केला. कोर्टात रोज काय झालं याची नोंद असते तसाच. चार रकाने पाडले. वेळ, कृत्य, साक्षीदार, हेतू.

ही माझी चूक होती, पण ती पुढे कळली. तेव्हा मला वाटत होतं की मी मोठं हुशारीचं काम करतो आहे. उद्या कोणी म्हटलंच की वकिलाने मुद्दाम केलं, तर पुरावा असावा. बटण काढलं, हेतू नाही. सिस्टरची टोपी ओढली, हेतू नाही. साळ्याच्या पाठीवर थाप मारली, हेतू नाही. फाइलच्या नोंदीपाशी पेन जरा अडलं, मग तिथेही "नाही" लिहून टाकलं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी लिहिलं, आता स्वतःसाठी लिहायला काय हरकत, असा विचार.

घरी

अकोल्यात जुन्या शहरात आमचं घर, खाली दोन खोल्या, वर दोन. मुलगी रश्मी नागपूरला नोकरीत, म्हणून घरात आम्ही दोघंच. शेजारचे गुरुजी पाहायला आले, त्यांनी "बुद्धी कर्मानुसारिणी" म्हणून मान हलवली. मी म्हटलं, गुरुजी, बुद्धी ठीक आहे, हाताचं काय ते बोला.

घरी येऊन नववा दिवस. सकाळचे दहा वाजले होते. मी खुर्चीत बसलो होतो, डाव्या हातात संत्रं. मंगला वाकून माझ्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होती. तिच्या केसांना शिकेकाईचा वास होता. मी तिला म्हणत होतो की तू चार दिवस नागपूरला जाऊन ये, दमली आहेस, माझं मी बघतो. मनापासून म्हणत होतो, असं मला वाटतं.

संत्रं खाली पडलं आणि घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं. डावा हात वर गेला. तो तिच्या गळ्यावर बसला आणि मिटला.

मी तिचा चेहरा इतक्या जवळून कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. तिचे डोळे मोठे झाले. ती ओरडली नाही, तिला ओरडता येत नव्हतं. मी उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरलं, ओढलं, बोटं उपसली. एक सुटलं की दुसरं घट्ट बसे. मंगळसूत्र तुटलं, काळे मणी फरशीवर तडतड उडाले. शेवटी मी माझ्याच हाताला चावलो, आणि मला दुखलं. त्याक्षणी तो सुटला आणि माझ्या मांडीवर येऊन निपचित पडला.

मंगला भिंतीला टेकून खोकत होती. मी "मी नाही केलं" म्हणालो. पहिलं वाक्य तेच निघालं माझ्या तोंडून, "लागलं का" असं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली बसून मणी गोळा करायला लागली.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, या हातात जे सापडेल ते तो धरतो आणि त्याला सोडता येत नाही, त्यात राग नाही, इच्छा नाही. झोपताना मऊ फडक्याने खाटेच्या दांडीला बांधून ठेवा. फोन स्पीकरवर होता. मंगलाने सगळं ऐकलं. दुपारी जेवण झाल्यावर तिने सुती पंच्याने माझा हात बांधला, गाठ सैल आहे ना विचारलं, आणि शेजारच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. एवढ्या वर्षांत त्या कडीचा आवाज मी ऐकला नव्हता. ती कडी आहे हेही मी विसरलो होतो.

वही वाचली

रश्मीला कळलंच. तिने फोनवर सांगितलं की आई, तू इकडे ये, बाबांसाठी माणूस ठेवू. मंगला म्हणाली, रविवारपर्यंत सांगते. ती बोलत असताना मी समोरच बसलो होतो. ती गेली तर चार दिवसांसाठी जाणार नाही हे मला स्पष्ट कळत होतं. तिच्याशिवाय या घरात मी आणि तो हात असे दोघंच राहणार होतो.

मी काय करावं? पुरावा दाखल केला. रोजनाम्याची वही तिच्यापुढे ठेवली. चाळीस पानं भरली होती, डॉक्टरांचं म्हणणंही मी शेवटी उतरवून काढलं होतं, वर तारीख, खाली माझी सही. मी म्हटलं, वाच आणि तूच ठरव.

तिने चष्मा लावला आणि शाळेतल्या वह्या तपासायची तशी पानं उलटत गेली. एक पान सोडलं नाही. तास गेला. मग वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"यात एक तारीख नाई," ती म्हणाली.

"कोनती?"

"मामा आले होते तवाची."

तिच्या वडिलांना घरात सगळे मामा म्हणत, तीसुद्धा. आणि कोणती तारीख ते मला लगेच कळलं.

रश्मी दोन वर्षांची होती. वरूडकडच्या एका शाळेत मंगलाला जागा मिळत होती आणि मामा तिला न्यायला याच घरात आले होते. मी नाही म्हणालो. बायको तिकडे आणि मी इकडे, लोक काय म्हणतील वगैरे. मंगला मामांसमोर म्हणाली की मी जाणार. मी तिच्या तोंडात मारली. एकदाच. त्याआधी कधी नाही, त्यानंतरही नाही, हे मी आजवर स्वतःला कितीदा सांगितलं असेल.

मग मी मामांना समजावलं. राग अनावर झाला, भान राहिलं नाही, माझा हेतू तसा नव्हता. नवा वकील होतो, वाक्यं चांगली जमली. मामा संत्र्यांचे माणूस, फार बोलणारे नव्हते. ते निघून गेले. मंगला गेली नाही. वर्षभराने तिने अकोल्यातच नोकरी धरली. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा एक शब्द बोललो नाही.

"आताही तुमी तेच लिवलं," मंगला म्हणाली. "चाळीस पानं. मी कशावरून मानू?"

मी म्हणालो, या वेळी डॉक्टर सांगतात. तिने मान डोलावली आणि स्वयंपाकघरात गेली. दुपारी पुन्हा कडी वाजली.

बोट

स्नेहल आता आठवड्यातून दोनदा अमरावतीहून यायची, अकोल्यात तिचे आणखी पेशंट होते. तिचा एक व्यायाम होता. हात टेबलावर ठेवायचे, डोळे उघडे, आणि मनात येईल तेव्हा पहिलं बोट उचलायचं. ती काही सांगणार नाही, घड्याळ नाही, शिट्टी नाही. आधी उजवं, मग डावं. डाव्याला पुन्हा हुकूम ऐकायची सवय लागावी म्हणून.

डावं बोट कधी उचललं जाई, कधी नाही, त्याची मला सवय झाली होती. त्या गुरुवारी मी उजव्याकडे नीट पाहिलं. वहीतल्या त्या न लिहिलेल्या तारखेमुळे असेल. मी स्वतःला म्हटलं, आता बघू, हे कोण उचलतं. बोट टेबलावर पडून होतं. मी वाट पाहिली. बोट वर गेलं. आणि ते गेल्यावर, अगदी पाठोपाठ, माझ्या मनात आलं की मी उचललं.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच. बोट आधी, मी नंतर. कितीही डोळ्यात तेल घालून बसलो तरी ठरवणारा माणूस मला सापडेना. तो दर वेळी माझ्याआधी येऊन गेलेला असे, आणि मी मागून येऊन त्याच्या कामावर सही करत असे. स्नेहल म्हणाली, सर, घाम का आला? मी पंखा लावायला सांगितलं.

डाव्या हाताचं मला भय वाटत होतं, पण तो माझं नाव घेऊन तरी काही करत नव्हता. हा दुसरा, गुणी, पस्तीस वर्षं सह्या ठोकणारा, जेवणारा, आशीर्वाद देणारा. हाही कोणाचं ऐकतो ते मला माहीत नव्हतं. त्या दुपारी मी दोन्ही हात समोर ठेवून बराच वेळ बसलो. दोन्ही सारखेच दिसत होते.

मनात लगेच वकील जागा झाला. बोटाचंसुद्धा जर मी ठरवत नसेन तर बत्तीस वर्षांपूर्वीच्या थपडेचं काय? कोणीच काही ठरवत नाही, मग कोणी दोषी नाही. यापेक्षा मोठा बचाव या देशात कोणी केला नसेल. मी तो मनात दोनदा मांडून पाहिला, निर्दोष होता. फक्त एक पुरावा त्यात बसत नव्हता, आणि तो माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता, असं मी धरून चाललो होतो.

शनिवार

शनिवारी जेवणं झाली. उन्हं तापली होती, गल्लीत कोणी नव्हतं. मंगला पंचा घेऊन आली आणि डावा हात दांडीला बांधायला लागली. उद्या रविवार. तिची बॅग कपाटावरून खाली आलेली मी सकाळीच पाहिली होती.

मी म्हटलं, "त्या तारखेची नोंद लिहाची हाय. लिहू का?"

"लिवा ना. कोन अडवून राहिलं?"

मी वही मांडीवर घेतली. वेळ, दुपारची. कृत्य, लिहिलं. साक्षीदार दोन, एक आता हयात नाही. हेतूच्या रकान्यापाशी पेन थांबलं. डावा हात बांधलेला होता, तो हलला नाही. अडवणारं कोणी नव्हतं.

आयुष्यात मी शेकडो लोकांना एकच गोष्ट शिकवली, काहीही झालं तरी "कबूल" म्हणायचं नाही. ती शिकवण माझ्याही अंगात भिनलेली होती. मला आठवतंय, मी तिच्याकडे न बघता, पंच्याच्या किनारीकडे बघत बोललो.

"तवा माझ्या हातात चहाचा कप होता. मी थो आधी बशीत ठेवला. मंग मारलं."

भान गेलेल्या माणसाच्या हातून कप पडतो. माझा पडला नव्हता. मी तो टेबलाच्या कडेपासून आत, बशीच्या खळग्यात, बरोबर मधोमध ठेवला होता, थेंब सांडू न देता. तेवढा वेळ होता माझ्याकडे. तेवढ्या वेळात मी थांबू शकलो असतो की नाही, हे स्नेहलच्या टेबलावर बसून मला सांगता आलं नसतं. पण कप मी ठेवला होता. समोरच्या वकिलाच्या हाती एवढं लागलं असतं तर केस पाच मिनिटांत संपली असती.

मंगला गाठ मारायची थांबली. पंच्याचं टोक तिच्या हातातच होतं. मला वाटलं ती आता उठून जाईल.

"मी पायलं होतं," ती म्हणाली. "बशीचा आवाज बी नाई झाला."

मला रडू आलं. लाजेने आलं, तिच्या दयेने आलं की बत्तीस वर्षं ती हे घेऊन माझ्या ताटात वाढत राहिली म्हणून आलं, ते सांगता येत नाही. ती माझं रडणं संपायची वाट बघत बसली, पुसायला काही दिलं नाही. मी हेतूच्या रकान्यात "होता" असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

मग ती खाटेच्या दांडीकडे वळली आणि डाव्या हाताची अर्धवट गाठ सोडायला लागली. मी म्हटलं, सोडू नको, त्याचा भरवसा नाही. ती म्हणाली, "यानं मले धरलं तवा संत्रं खाली पडलं. यानं ठेवलं नाई. याचं मले भेव नाई वाटत."

तिने पंचा झटकला, माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, "तो द्या."

सध्या

रविवारी तिने रश्मीला कळवलं की सध्या येत नाही. "सध्या" हा शब्द मी ऐकला.

आज या गोष्टीला सात महिने होत आले. डावा हात जवळजवळ माणसाळला आहे. बटण काढत नाही, पोळी परत ठेवत नाही, क्वचित कोणाचा पदर धरतो आणि सांगितलं की सोडतो. गेल्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या की आता बांधायची गरज नाही. मंगला शेजारीच उभी होती, तिने ऐकून घेतलं. शेजारच्या खोलीची कडी वाजत नाही, ती आता माझ्याच खोलीत, पलीकडच्या खाटेवर आडवी होते आणि तिला झोपही लागते.

दुपारी जेवण झालं की ती पंचा घेऊन येते. मी काही ठरवायच्या आत उजवा हात तिच्यापुढे गेलेला असतो. ती तो दांडीला बांधते, दोन गाठी मारते, सैल आहे ना विचारते. किती दिवस, ते मी विचारलेलं नाही.